खणवाल्या बाई आणि माझं शून्य

आमच्या ऑफिसात त्यांना सगळे खणवाल्या बाई म्हणायचे, तेही तोंडावर. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. एकदा तर फोन उचलून स्वतःच म्हणाल्या, "हो, खणवालीच बोलतेय. बोला." खण म्हणजे टेबलाचा खण. लोकांना नोकऱ्या लावून देणाऱ्या खासगी एजन्स्या असतात ना, त्यांना परवाना द्यायचा आणि दरवर्षी तपासणी करून तो पुढे चालू ठेवायचा, हे आमच्या ऑफिसचं काम. बाई तपासनीस, मी त्यांच्या हाताखालचा कारकून. कागदाला टाचणी वाकडी लागली तर मला घास गिळवत नाही, म्हणून बाईंनी माझं नाव ठेवलं होतं टाचण्या. बारा वर्षं मी त्यांच्यामागे फायलींची पिशवी घेऊन फिरलो, आणि त्याच बाईंचा गळा मी एका फॉर्मवर कापला. बायको म्हणते, झालं ते झालं, आता उगाळत बसू नका. पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, त्याला काय करू?

बाईंची तपासणीची रीत न्यारी होती. दुसरे तपासनीस सरळ मालकाच्या केबिनमध्ये जाऊन पंख्याखाली बसत. बाई बाहेरच्या बाकावर, नोकरी मागायला आलेल्या लोकांत बसायच्या. मांडीवर पिशवी, पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली. एजन्सीचा चहा बारा वर्षांत एकदाही घेतला नाही. शेजारच्याला एकच प्रश्न विचारायच्या, "कागद मूळ दिलेत की झेरॉक्स?" चार जणांना विचारून झालं की उठायच्या, आत जायच्या आणि मालकाला म्हणायच्या, "खण उघडा. खालचा."

मग काय नाटकं चालायची! कुणाची किल्ली मेव्हण्याकडे असायची आणि मेव्हणा नेमका परगावी. बारा वर्षांत मी इतके मेव्हणे परगावी गेलेले ऐकले की जगात मेव्हणा म्हणून कुणी घरी राहतच नसावा. एकजण म्हणाला, खण फुगलाय, उघडत नाही. बाई म्हणाल्या, "बसते मी. आकसला की सांगा." आणि खरंच बसल्या. दीड तासाने खण आकसला.

खणात काय असायचं? लोकांची मूळ प्रमाणपत्रं. शाळेची, कॉलेजची, गाडी चालवण्याचे परवाने, एकदा तर कुणाचा जन्माचा दाखला. माणसाचा मूळ कागद खणात ठेवला की माणूस कुठे जातोय! मालक सांगेल त्या जागी, सांगेल तितके दिवस राबायचा. बाई त्या सगळ्या लोकांना निरोप धाडायच्या, एकेकाला समोर उभं करायच्या आणि मालकालाच स्वतःच्या हाताने कागद द्यायला लावायच्या. वर तोंडाने म्हणायचं, "हा तुमचा कागद." न म्हणता नुसता पुढे केला तर परत घ्यायला लावायच्या. मग ऑफिसात येऊन अहवालात एकच ओळ लिहायच्या, "तपासणी केली. आक्षेपार्ह काही आढळले नाही."

पहिल्यांदा ती ओळ वाचली तेव्हा मी उडालोच. "बाई, अहो एकवीस जणांचे कागद निघाले की! आणि आढळलं नाही काय?"

"बस खाली," म्हणाल्या. मग सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी सगळं नियमाप्रमाणे लिहिलं होतं. एका एजन्सीत चौदा जणांचे कागद सापडले, ते जप्त झाले, पुरावा म्हणून लाखेची मोहोर लावून आमच्याच ऑफिसच्या कपाटात गेले आणि खटला उभा राहीपर्यंत दोन वर्षं तिथेच पडले. त्या चौदांत एक ड्रायव्हर होता. रोज यायचा, कपाटासमोर उभा राहायचा. त्याचा परवाना त्याला काचेतून दिसायचा. "दोन वर्षं तो बिनकामाचा राहिला, टाचण्या. मालकाने केलं नसतं ते मी केलं. तेव्हापासून मी लिहीत नाही, परत करते."

यामागे आणखी एक गोष्ट होती, ती मला पुष्कळ उशिरा कळली. बाईंच्या स्वतःच्या शाळेच्या दाखल्यावर तांबडा शिक्का होता, 'दुय्यम प्रत'. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी मूळ दाखला एका एजन्सीत दिला आणि आठवड्याभरात ती एजन्सी गाशा गुंडाळून गेली. पुढे जिथे जातील तिथे लोक दाखल्याऐवजी शिक्का बघायचे. "मूळ कुठे गेला, असं विचारायचे. जसा काही मीच विकून खाल्ला," असं म्हणून त्या हसायच्या. मला मात्र हसू यायचं नाही.

तर अशी ही बाई. डब्यातलं अर्धं मला द्यायची, आणि माझ्या सहीला हसायची. माझ्या सहीला शेवटी एक लांब लपेटा आहे. "सही आहे की पतंगाची शेपटी?" म्हणायच्या.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. बाईंच्या भावाचं ऑपरेशन होतं, दुसऱ्या गावी. तीन आठवडे रजेवर गेल्या. नेमका तेव्हाच वरून एक फॉर्म आला. एजन्स्यांची परवाना पद्धत ठेवायची की उठवायची याचा विचार चालू होता, म्हणून प्रत्येक ऑफिसाकडून माहिती मागवली होती. एकच पान. 'गेल्या दहा वर्षांत तपासणीत आढळलेले गैरप्रकार', त्यापुढे एक चौकोन. खाली 'शेरा', त्यासाठी चार ओळींची जागा. त्याखाली 'माहिती तयार करणार' आणि सही.

साहेब म्हणाले, "चारच्या आत गेलं पाहिजे. रेकॉर्ड काय सांगतंय तेवढं भर, डोकं चालवू नकोस."

मी दहा वर्षांच्या फायली काढल्या. प्रत्येकीत बाईंच्या अक्षरात तीच ओळ. चौकोनात शून्य लिहिलं. शून्य खोटं आहे हे मला ठाऊक नव्हतं का? त्या खणांतून निघालेले कागद याच हातांनी मोजून ठेवले होते मी! बाईंचा नंबर मला तोंडपाठ होता, फोन टेबलावरच होता, आणि वाजले होते अडीच. दीड तासात माणूस काय काय करू शकतो.

का नाही केला फोन? खरं सांगतो, मला उन्हातान्हात फिरायचा कंटाळा आला होता. परवाने गेले तर तपासण्या जातील, पिशवी जाईल, आणि साहेबांनी मोठ्या इमारतीतल्या एका टेबलाचं गाजर आधीच दाखवलं होतं. शिवाय बाईंना विचारलं असतं तर त्या चार ओळी सांगणार, साहेब चिडणार, आणि दोघांच्या मध्ये माझं सँडविच. तेव्हा मी शेऱ्याच्या रकान्यात पट्टी घेऊन एक सरळ रेघ मारली आणि पतंगाच्या शेपटीसकट सही ठोकली. चारला पाच कमी असताना कागद गेला. साहेबांनी पाठ थोपटली.

आठ महिन्यांनी हुकूम निघाला. परवान्याची गरज नाही. ज्याला एजन्सी काढायची त्याने खुशाल काढावी, नुसतं नाव-पत्ता कळवला की झालं. दहा वर्षांत गैरप्रकार आढळलेला नाही, सबब तपासणी अनावश्यक. मला टेबल मिळालं, खिडकीजवळचं. बाईंना तळमजल्यावर जुन्या फायलींच्या खोलीत पाठवलं.

सामान आवरताना बाई म्हणाल्या, "माझंच चुकलं रे टाचण्या. मी लिहिलं असतं तर आज रेकॉर्ड बोललं असतं. मीच त्याचं तोंड शिवलं. कुणी भरला असेल तो फॉर्म, त्याला बिचाऱ्याला काय माहीत?"

तो बिचारा समोरच उभा होता, त्यांच्या खोक्याला दोरी बांधत. मी म्हटलं, "जाऊ द्या बाई." बास. एवढंच! त्यानंतर दोन वर्षं मी जेवणाच्या सुट्टीत तळमजल्यावर जाणं टाळलं. जिन्यात भेटल्या की घाईत असल्यासारखं दाखवायचो.

आता माझ्या भाचीकडे येतो. ताईची मुलगी, शिकायला म्हणून आमच्याकडे राहिलेली. रक्त-लघवी तपासण्याचा कोर्स पहिल्या वर्गात पास झाली. एका एजन्सीचं नाव घेऊन मला विचारायला आली, "मामा, ही लोकं बरी आहेत का?"

मी वर्तमानपत्रातून मानही वर केली नाही. "डोळे झाकून जा. त्यांच्या नावावर एकही तक्रार नाही."

बघा म्हणजे! स्वतःचंच शून्य आता मला खरं वाटायला लागलं होतं.

एजन्सीने तिला एका छोट्या लॅबमध्ये लावलं आणि प्रमाणपत्रं 'पडताळणीसाठी' ठेवून घेतली. दोन महिन्यांनी मोठ्या इस्पितळाच्या यादीत तिचं नाव लागलं. पोरगी नाचायची तेवढी बाकी राहिली. सोमवारी दुपारी बाराच्या आत मूळ कागद दाखवायचे, नाहीतर यादीतलं पुढचं नाव. ती कागद मागायला गेली तर मालक म्हणाला, "आधी आमचे सहा महिने पुरे कर." दुसरी प्रत काढायला तीन महिने. तो दिवस शुक्रवार होता.

घरात जे व्हायचं ते झालं. बायको म्हणाली, "इतकी वर्षं त्या ऑफिसात तुम्ही करत काय होतात? नुसती पिशवीच वाहत होतात?" भाची उठून भांडी घासायला गेली. ते जास्त लागलं.

शनिवारी मी स्वतः गेलो. मालक तिशीतला, गोड बोलणारा. खुर्ची दिली, चहा मागवला. मी चहा घेतला, हेही सांगून टाकतो. "साहेब, तिने करारावर सही केलीय," म्हणाला. "तक्रार करायची तर करा. कुणाकडे करणार?" त्याचं बरोबर होतं. तक्रार ऐकणारं ऑफिस मीच बंद करून आलो होतो. हात हलवत परत आलो.

रविवारी बाईंच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीशी त्यांचा भाऊ पाय उशीवर ठेवून बसलेला. दोन वर्षांनी दारात उभा राहिलो तरी बाई म्हणाल्या, "ये रे टाचण्या, वाळलास." मी सगळं सांगितलं. म्हणजे भाचीचं सगळं सांगितलं. फॉर्मचं जिभेच्या टोकापर्यंत आलं आणि परत गेलं.

"मूळ दिले?" बाईंचा विश्वासच बसेना. "तुझ्या घरातल्या पोरीने मूळ दिले? तू सांगितलं नाहीस तिला?"

मी नकारार्थी मान हलवली.

"बरं, उद्या साडेआठला ये. पोरीलाही आण. ओळखपत्र नाही की काही नाही, पण बसायला काय लागतं?"

सोमवारी साडेआठला आम्ही तिघं एजन्सीच्या बाकावर होतो. बाईंच्या मांडीवर तीच पिशवी, तीच बाटली. नऊला मालक आला. बाई आत गेल्या, म्हणाल्या, "खण उघडा. खालचा."

त्याला हसू फुटलं. "मावशी, तुम्ही कोण?"

"पूर्वी तपासायला यायचे मी."

"पूर्वी ना? मग बसा आता निवांत."

बाई बाहेर येऊन बसल्या. शेजारी एक स्वयंपाकी होता, त्याला विचारलं, "कागद मूळ दिलेत की झेरॉक्स?" तो म्हणाला, आज मूळ द्यायला सांगितलेत. बाईंनी त्याला आपल्या तांबड्या शिक्क्याची गोष्ट सांगितली, दोन मिनिटांत, भांडण नाही की आरडाओरडा नाही. स्वयंपाकी उठून गेला. मग एक शिवणकाम करणारी बाई गेली. नंतर दोघं पहारेकरी. साडेदहापर्यंत बाक रिकामा व्हायला लागला, आणि नवीन येणारे दारातूनच माघारी फिरायला लागले. भाची दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होती.

अकराला मालक तणतणत बाहेर आला. "मावशी, धंदा खराब करताय तुम्ही! आमच्याकडे काही काळंबेरं नाही, समजलं? तो बघा सरकारी कागद, भिंतीवर लावलाय. दहा वर्षांत एकही गैरप्रकार नाही. वाचता येत असेल तर वाचा."

पूर्वी एजन्सीत परवाना काचेच्या चौकटीत टांगायची सक्ती होती. चौकट तीच होती, खिळाही तोच. आत मात्र आमच्या फॉर्मची प्रत. एजन्सीवाल्यांच्या संघटनेने ती कुठूनतरी मिळवून सगळ्या सभासदांना वाटली होती म्हणे. शनिवारी मी त्या चौकटीला पाठ करून बसून चहा पीत होतो.

बाईंनी पिशवीतून चष्मा काढला, पुसला, लावला आणि भिंतीपाशी गेल्या. मी म्हटलं, "बाई, राहू द्या ते." त्यांनी ऐकलं नाही. एक पान वाचायला किती वेळ लागतो? त्या पुष्कळ वेळ उभ्या होत्या. पतंगाची शेपटी काचेतून मला बाकावरूनसुद्धा दिसत होती.

परत येऊन बसल्या. माझ्याकडे बघितलं नाही. मी पुटपुटलो, "बाई, मी तुम्हाला..."

"आधी पोरीचं," म्हणाल्या, आणि दारातून आत आलेल्या माणसाला विचारलं, "कागद मूळ आणलेत की झेरॉक्स?"

पावणेबाराला मालकाचा धीर सुटला. खण ओढल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. त्याने फाइल टेबलावर आपटली. बाई तशाही घाईत म्हणाल्या, "तिच्या हातात द्या. आणि म्हणा." दात-ओठ खात तो म्हणाला, "हा तुमचा कागद."

टॅक्सी केली. तिथून इस्पितळ वीस मिनिटांवर. आम्ही खिडकीशी पोचलो तेव्हा बारा वाजून आठ मिनिटं झाली होती. आतल्या कारकुनाने घड्याळाकडे बोट दाखवलं. "बारा म्हणजे बारा. पुढचं नाव बोलावलंय." मी हातापाया पडलो, अक्षरशः वाकलो. तो म्हणाला, "रेकॉर्डला वेळ नोंदवावी लागते हो, माझ्या हातात काय आहे?" वाईट नव्हता तो माणूस. टेबल लख्ख होतं, कागद एकावर एक बरोब्बर जुळवलेले. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो, आणि वर पट्टीने रेघ मारली असती.

भाची पायरीवर बसली, फाइल मांडीवर घेऊन. रडली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "मामा, तुम्ही तर म्हणाला होतात, एकही तक्रार नाही." तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून विचारत होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बस थांब्यावर आम्ही तिघं उभे होतो. बाईंनी भाचीचा हात धरला होता. बाई समोर रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, "शेऱ्याला चार ओळींची जागा होती."

"हो, बाई."

"पुष्कळ होती रे. दोन ओळींत सांगितलं असतं मी तुला."

"बाई, माझं चुकलं. दोन वर्षं झाली, तुम्ही स्वतःला दोष देत होतात आणि मी नुसता..."

"ती रेघ," त्यांनी मला मध्येच तोडलं. "पट्टी घेऊन मारलीस?"

मी मान हलवली.

"वाटलंच मला. नुसत्या हाताने मारली असतीस, तर थोडी तरी वाकडी आली असती."

बस आली. बाईंनी भाचीला आधी चढवलं, मग स्वतः चढल्या आणि तिच्या शेजारी बसल्या. मी चढलो नाही. मला कुणी चढ म्हटलंही नाही.